होमरचा न्याय कोणी करायचा? न्यूमन–अर्नल्ड प्रकरण, १८५६ ते १८६२

ग्रीक न येणाऱ्या वाचकाने होमरचं ‘इलियड’ हे प्राचीन ग्रीक महाकाव्य वाचायचं ठरवलं की पहिली अडचण येते ती दुकानातच. इंग्रजी अनुवादकच किती: पोप आहे, लॅटिमोर आहे, फिट्झजेराल्ड, फेगल्स, लोम्बार्डो, कॅरोलाइन अलेक्झांडर, एमिली विल्सन आहेत. प्रत्येक मलपृष्ठावर स्तुती छापलेली. यांतला खरा होमर कोणता हे ठरवण्याचं साधन वाचकाकडे नाही, आणि मूळ भाषाच येत नाही तर ठरवण्याचा अधिकारही नाही, असं त्याला सांगितलं जातं. ते मला पटत नाही. का पटत नाही, हे दाखवायला एकोणिसाव्या शतकातलं एक प्रकरण पुरेसं आहे. त्यात एक अनुवादक होता, एक समीक्षक होता, आणि दोघेही आपापल्या जागी बरेचसे बरोबर होते. म्हणूनच ते आजही उघडून बघण्याजोगं आहे.

अनुवादक म्हणजे फ्रान्सिस विल्यम न्यूमन. जन्म १८०५. पुढे कार्डिनल झालेले जॉन हेन्री न्यूमन हे त्याचे थोरले भाऊ. ऑक्सफर्डमध्ये दोन विषयांत पहिला वर्ग, मग धर्मप्रचारासाठी बगदादची वारी, मग रूढ धर्मश्रद्धेपासून फारकत आणि ती का घेतली याचं जाहीर पुस्तक. अरबी आणि उत्तर आफ्रिकेतल्या भाषांचा त्याचा अभ्यास होता, आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो लॅटिन शिकवत असे. लोक ज्या वाटेने जातात ती सोडून चालण्याची त्याची सवय अनुवादातही उतरली. १८५६ साली त्याचं ‘इलियड’ प्रसिद्ध झालं. मुखपृष्ठावरच त्याने म्हटलं होतं की हा निष्ठेने केलेला, यमकाविना छंदातला अनुवाद आहे.

समीक्षक म्हणजे मॅथ्यू अर्नल्ड. १८५७ साली तो ऑक्सफर्डचा काव्याचा प्राध्यापक झाला आणि त्या पदावरची व्याख्यानं लॅटिनऐवजी इंग्रजीत देणारा पहिला ठरला. नोव्हेंबर १८६० ते जानेवारी १८६१ या काळात होमरच्या अनुवादावर त्याने तीन व्याख्यानं दिली. ती १८६१ साली पुस्तकरूपाने आली. त्यात न्यूमनची जी चिरफाड झाली तिने न्यूमन दुखावला आणि त्याच वर्षी त्याने शंभर पानांहून मोठं उत्तर छापलं. अर्नल्डने नोव्हेंबरमध्ये आणखी एक व्याख्यान देऊन ‘शेवटचे शब्द’ सांगितले, ते १८६२ साली छापले गेले. वाद तिथे थांबला. अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याने १९३२ साली होमरच्या अनुवादांवर लिहिताना म्हटलं की हा वाद दोन्ही वादकांपेक्षा महत्त्वाचा आहे. बोर्हेसला स्वतःला ग्रीक येत नव्हतं, आणि त्यामुळेच ‘ओडिसी’ हे होमरचं दुसरं महाकाव्य आपल्यासाठी एक पुस्तक न राहता अनुवादांचं अख्खं दुकान झालं, असं तो आनंदाने सांगतो.

दोघांचं म्हणणं

न्यूमनची भूमिका प्रस्तावनेत स्पष्ट आहे. होमरची शैली त्याच्या मते थेट, लोकांची, जोरकस, जुन्या वळणाची, वाहती आणि बडबडी आहे. ठरावीक वाक्प्रयोगांनी भरलेली आहे. विषय चढला की ती चढते, विषय साधा असला की साधी होते. इंग्रजीत याला जवळचं काय? जुने पोवाडेवजा बॅलड. म्हणून त्याने बॅलडची चाल घेतली. शिवाय होमरची भाषा अथेन्समधल्या सोफोक्लिसच्या काळातल्या लोकांनाही जुनी आणि परकी वाटत होती, तेव्हा इंग्रजी अनुवादही जुन्या सॅक्सन वळणाचा हवा, असं त्याने धरलं. मूळ जितकं परकं तितक्या काळजीने ते परकेपण राखायचं, हे त्याचं ब्रीद होतं. परिणाम असा की वासराला तो ‘बल्किन’ म्हणतो, देखण्या डौलाला ‘ब्रॅगली’ म्हणतो, आणि अशा शब्दांची यादी पुस्तकात अर्थासह द्यावी लागते.

अर्नल्डने या सगळ्याला चार कसोट्या लावल्या. होमर वेगवान आहे. त्याची वाक्यरचना आणि शब्द साधे-सरळ आहेत. त्याचा विचार आणि आशय साधा-सरळ आहे. आणि तो उदात्त आहे. या चारांतलं एकही हरवलं तर अनुवाद होमरचा राहत नाही. मग तो एकेकाला समोर उभं करतो. कूपरने (१७९१) मिल्टनची गुंतागुंतीची निर्यमक रचना घेतली, तिथे वेग गेला. पोपने (१७१५–१७२०) घोटीव जोडओळींत बांधलं, तिथे शब्दांचा साधेपणा गेला. चॅपमनच्या (१६११) एलिझाबेथकालीन कल्पनाविलासात विचाराचा साधेपणा गेला. आणि न्यूमनमध्ये उदात्तता गेली. त्याच सुमारास आलेल्या राइट नावाच्या अनुवादकाला तर त्याने एका वाक्यात निकालात काढलं: कूपरचेच गुणदोष पुन्हा गिरवणाऱ्या अनुवादाला अस्तित्वाचं कारण नाही. राइट यांनी त्यावर जाहीर तक्रार केली. ते वाक्य कठोर होतं, पण नव्या अनुवादाला विचारण्याचा हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. आधीच्यांनी न केलेलं तू काय करतो आहेस?

या चार कसोट्यांची खरी ताकद त्या चार शब्दांत नाही. अर्नल्डने काय केलं तर तेच तेच उतारे घेऊन वेगवेगळे अनुवाद त्यांच्याशी भिडवले. ही पद्धत त्याने सोडलेली सर्वांत मोलाची ठेव आहे. म्हणून आता उताऱ्यांकडे वळतो.

सार्पेडॉनचे शब्द

बाराव्या सर्गात लिसियाचा राजा सार्पेडॉन मित्र ग्लाउकसला म्हणतो: बाबा रे, या युद्धातून वाचून तू आणि मी कायमचे अजर, अमर होणार असतो, तर मी काही आघाडीला लढलो नसतो आणि तुलाही लढायला धाडलं नसतं. पण मरणाच्या हजार वाटा माणसाभोवती उभ्याच आहेत, कोणाला त्या चुकवता येत नाहीत. तेव्हा चल, एक तर आपण दुसऱ्याला कीर्ती देऊ, नाहीतर तो आपल्याला.

या ओळी काय करू शकतात हे दाखवायला अर्नल्डने रॉबर्ट वुड या सरकारी अधिकाऱ्याने नोंदवलेली एक हकिकत दिली. सप्तवार्षिक युद्धानंतरच्या पॅरिस तहाचा प्राथमिक मसुदा घेऊन वुड मंत्रिमंडळातले ज्येष्ठ लॉर्ड ग्रॅनव्हिल यांच्याकडे गेला. ग्रॅनव्हिल मरणपंथाला लागलेले होते. त्यांची अवस्था बघून वुडने काम पुढे ढकलू असं सुचवलं. ग्रॅनव्हिल यांनी नकार दिला आणि सार्पेडॉनच्या याच ओळी ग्रीकमध्ये म्हटल्या. ‘आघाडीला लढलो नसतो’ या ओळीवर त्यांनी जोर दिला. शेवटचा ‘चल, जाऊ’ हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला, थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग तहाचा मसुदा वाचून दाखवायला सांगितलं. जानेवारी १७६३ मध्ये ते गेले.

यापुढे न्यूमनचा अनुवाद ठेवा. तिथे मित्राला हाक आहे ती जुन्या नाटकातल्या लाडिक हाकेसारखी, म्हातारपणाला शब्द आहे तो कोशातून काढलेला, आणि मध्ये मध्ये ‘खचित’, ‘यास्तव’ छापाचे जुने अव्ययी शब्द पेरलेले. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाला हे म्हणता येणार नाही. अर्नल्डचा राग इथे मला पूर्ण समजतो. त्याचं मर्म असं: होमरचा शब्द जुना असेल, पण तो ऐकणाऱ्याला अडखळवत नाही. न्यूमनचा शब्द अडखळवतो. वाचक कोशाकडे वळला की सार्पेडॉन हातचा गेला.

सहाव्या सर्गातली हेलनही अशीच तपासून बघावी. हेक्टर घरात येतो आणि ती त्याला म्हणते, दिरा, मी एक कुत्री आहे, कपटी, अंगावर काटा आणणारी. मुळात ‘कुत्री’ हाच शब्द आहे. न्यूमन तिथे कोल्ह्याची मादी आणतो, म्हणजे इंग्रजीत कजाग बाई, आणि पुढे ‘बधिर करणारी भीषणता’ असं काही जोडतो. परकेपण जपण्याची शपथ घेतलेला अनुवादकही नेमका या ठिकाणी प्राणी बदलतो. पोप तर शिवी गाळूनच टाकतो; त्याच्याकडे हेलन ‘दोषी स्त्री’ होते. लॅटिमोर आणि फेगल्स या विसाव्या शतकातल्या दोघांनी कुत्री परत आणली. पंधरा हजार सातशेच्या आसपास ओळींच्या काव्यात ही एक ओळ. पण अनुवादकाला आपल्या काळाच्या शिष्टाचारापेक्षा होमर मोठा वाटतो की नाही, ते ती सांगून जाते.

पहाटेची वाट कोण बघतं

आता या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा. आठव्या सर्गाच्या शेवटी ट्रोजन सैन्य रात्री मैदानावर तळ देतं. हजार धुनी पेटलेल्या, प्रत्येकीच्या उजेडात पन्नास माणसं बसलेली. आणि सर्गाची अखेरची वाक्यं अशी: घोडे पांढरे जव आणि गव्हाच्या जातीचं धान्य चघळत रथांपाशी उभे राहून सुंदर सिंहासनावरच्या उषेची वाट बघत होते. वाट बघतात ते घोडे. ग्रीक वाक्यात याबद्दल कसलीही शंका नाही.

चॅपमनकडे काय होतं? घोडे धान्य खातात आणि ‘सगळेच’ आतुरतेने पहाटेची वाट बघतात. पोपकडे? घोडे धान्याच्या राशींवर खिंकाळतात आणि वाट बघतात ते तडफदार योद्धे. अर्नल्डने याच उताऱ्याचा स्वतः अनुवाद करून व्याख्यानात वाचला. त्यात रथांपाशी उभे असलेले घोडे जव खातात, आणि पहाटेची वाट मालक बघतात. त्याने हे लपवलं नाही. उषेचं विशेषण आपण गाळलं आणि वाट बघण्याचं काम घोड्याकडून काढून मालकाला देणं आपण पसंत केलं, यात कदाचित आपलं चुकतही असेल, असं तो प्रामाणिकपणे सांगतो.

हा प्रामाणिकपणा मला आवडतो, पण निर्णय पूर्ण चुकीचा आहे. पोप कृत्रिम आहे म्हणून ज्याने त्याला बाजूला केलं, त्याने ऐन मोक्याच्या ओळीत पोपचाच बदल केला, आणि कारणही बहुधा एकच: घोड्याने पहाटेची वाट बघणं हे त्याच्या उदात्ततेच्या कल्पनेत बसत नव्हतं. होमरमध्ये मात्र घोडे असेच आहेत. सतराव्या सर्गात अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस पडल्यावर अकिलीसचे घोडे माना खाली घालून रडतात, आणि झ्यूस त्यांच्याकडे बघून कळवळतो: अरे, तुम्ही अजर, अमर, मग मर्त्य पेलिअसला, अकिलीसच्या बापाला, तुम्हाला कशाला दिलं? माणसांबरोबर दुःख भोगायला? एकोणिसाव्या सर्गात हेरा त्यांच्यातल्या क्झांथसला वाणी देते आणि तो धन्याला त्याचं मरण सांगतो. अशा काव्यात आठव्या सर्गातले घोडे पहाटेची वाट बघत उभे आहेत हे नुसतं सजावटीचं चित्र नाही. ते तिथून काढलं तर पुढच्या दोन प्रसंगांची जमीनच थोडी सरकते.

त्याच एकोणिसाव्या सर्गात न्यूमनने उलट टोक गाठलं. घोड्यांच्या नावांचे अर्थ लावून त्याने त्यांना ‘तांबूस’, ‘ठिपक्या’ अशी नावं दिली आणि त्यांच्या आईला ‘चपळपायी’. अर्नल्डने विचारलं की एखादा फ्रेंच माणूस फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना ‘कुमारी बुलबुल’ म्हणू लागला तर? टोमणा बिनतोड आहे. मृत्यूचं भाकीत करणाऱ्या दैवी घोड्याला अकिलीस ‘अरे तांबूस’ म्हणतो तेव्हा प्रसंगाचा कणा मोडतो. पण तोल बघा. न्यूमनने घोड्याचं नाव बिघडवलं, अर्नल्डने घोड्याची कृती काढून घेतली. माझ्या मते दुसरा गुन्हा मोठा आहे. पहिला उघड दिसतो, वाचक तो ओळखून बाजूला ठेवू शकतो. दुसरा दिसतच नाही.

डिसेंबर १८६३ मध्ये कवी टेनिसनने हाच उतारा निर्यमक छंदात अनुवाद करून मासिकात छापला. त्यात घोडे पुन्हा पहाटेची वाट बघू लागले. त्याच वेळी त्याने अर्नल्डने सुचवलेल्या इंग्रजी षट्पदीची लंगडी म्हणून टर उडवली.

या षट्पदीबद्दल मराठी वाचकासाठी थोडं थांबतो, कारण इथे आपला कान इंग्रज वाचकापेक्षा होमरच्या जास्त जवळ आहे. होमरची ओळ सहा पदांची. पहिल्या पाच पदांत प्रत्येकी एक गुरू आणि दोन लघू, म्हणजे आपला भगण, किंवा त्याऐवजी दोन गुरू. सहावं पद गुरूने सुरू होणारं दोन अक्षरांचं. दोन लघूंची जागा एक गुरू घेतो हा हिशोब आपल्या मात्रावृत्तांचाच आहे. ओळ सुमारे चोवीस मात्रांची, अक्षरं मात्र बारा ते सतरा. ग्रीक छंद कालावर चालतो, आपलाही चालतो. इंग्रजी आघातावर चालते, म्हणून अर्नल्डने या चालीत लिहिलेल्या ओळी कानाला अडखळतात. आघातांच्या भाषेत काळाचा छंद आणण्याचा तो प्रयत्न होता. अर्नल्डचं तत्त्व वेगाचं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या ओळींत वेगच नव्हता. तरी त्याने हॉट्री या गृहस्थांच्या ज्या थोड्या ओळींची स्तुती केली त्या खरंच सुंदर आहेत. तिसऱ्या सर्गात हेलन तटावरून भावांना शोधते, आणि होमर सांगतो की त्यांना तर लॅसिडीमनच्या, म्हणजे स्पार्टाच्या, मायभूमीने केव्हाच पोटात घेतलं आहे.

न्यायाधीश कोण

आता वादाच्या गाभ्याकडे. अर्नल्डचं म्हणणं होतं की होमरचा प्राचीन ग्रीकांवर काय परिणाम होत होता हे आज कोणालाच कळणार नाही, तेव्हा ती कसोटी सोडा. सामान्य इंग्रजी वाचकालाही विचारू नका, त्याच्याकडे तुलनेला मूळ नाही. ज्याला ग्रीक येतं आणि काव्याची जाणही आहे अशाच विद्वानाला विचारा: हा अनुवाद वाचून तुला मूळ वाचताना होतं तसं काही होतं का? त्याने नावंही दिली. ईटन शाळेचे प्रोव्होस्ट म्हणजे प्रमुख, केंब्रिजचे प्राध्यापक थॉम्पसन, ऑक्सफर्डचे प्राध्यापक जोवेट. सार्पेडॉनच्या उताऱ्यातले न्यूमनचे शब्द एकेक करून मोजून तो म्हणतो की हे सगळे वाईट, कारण ते या विद्वानांच्या मनात होमरपेक्षा अगदी वेगळी भावना जागवतात, हे मी ठामपणे सांगतो.

ठामपणे सांगतो तो अर्नल्ड. थॉम्पसन आणि जोवेट यांचं मत व्याख्यानात कुठेच नाही. आणि ईटनचे प्रोव्होस्ट म्हणजे तेच हॉट्री, ज्यांचा अनुवाद त्याने आदर्श म्हणून पुढे केला. म्हणजे न्यायालयात तीन न्यायमूर्ती नेमले, त्यातला एक स्वतःच पक्षकार, आणि तिघांचाही निकाल एकाच वकिलाच्या तोंडून.

न्यूमनचं उत्तर लांबलचक आहे, रागात लिहिलेलं आहे आणि शब्दांच्या व्युत्पत्तीत फार वेळ घालवतं. पण त्यातलं एक वाक्य सगळ्या वादात सर्वांत वजनदार आहे. त्याचा आशय असा: पांडित्याच्या प्रश्नांवर विद्वान हे न्यायालय आहे, पण अभिरुचीच्या प्रश्नांवर न्याय करण्याचा हक्क सुशिक्षित परंतु ग्रीक न शिकलेल्या जनतेचाच, आणि मी तिच्याकडे दाद मागतो. एकट्या विद्वानाला तर नाहीच, सगळ्या विद्वानांना मिळूनही तिथे अंतिम निकाल देण्याचा अधिकार नाही.

अनुवाद होतो तो मूळ न वाचू शकणाऱ्यासाठी. त्यालाच न्यायातून वगळायचं हे मला मान्य नाही. आणि त्याच्याकडे तुलनेला काहीच नाही हे अर्नल्डचं गृहीतकही चुकीचं आहे. त्याच्याकडे दुसरे अनुवाद आहेत. घोड्यांच्याच ओळीचं उदाहरण घ्या. ग्रीकचं एक अक्षर न जाणणारा वाचक चॅपमन, पोप, अर्नल्ड, टेनिसन आणि लॅटिमोर शेजारी शेजारी ठेवतो. एकात सगळे वाट बघतात, दोनांत माणसं, दोनांत घोडे. इथे काहीतरी गडबड आहे हे कळायला ग्रीक लागत नाही. मग तो लोएब मालेतला मरी यांचा शब्दाला धरून चालणारा गद्य अनुवाद उघडतो आणि प्रश्न मिटतो. अनुवाद एकमेकांची उलटतपासणी घेतात. दोघांनी सारखं सांगितलं तिथे बहुधा मूळ बोलतं आहे; दोघे वेगळे झाले तिथे अनुवादक बोलतो आहे, आणि तिथेच त्याची पारख होते. उलट, ‘क्झांथसचं नाव अनुवादावं का’ किंवा ‘हे वाक्य उदात्त वाटतं का’ हे प्रश्न मुळात इंग्रजीतल्या परिणामाचे आहेत. त्यावर जोवेट यांचं मत आणि एखाद्या गिरणी कामगाराचं मत यात मला पायरीचा फरक दिसत नाही.

तेव्हा माझा निकाल असा. न्यूमनच्या अनुवादाविरुद्धचा खटला अर्नल्डने जिंकला. ते पुस्तक आज वाचवत नाही. न्यायालय कोणतं या मुद्द्यावर न्यूमन जिंकला. आणि अर्नल्डने, त्याची इच्छा नसताना, न्यूमनच्या न्यायालयालाच काम करायची पद्धत देऊन ठेवली.

नंतर आलेला पुरावा

१९२८ साली मिल्मन पॅरी या तरुण अमेरिकन अभ्यासकाने पॅरिसमध्ये प्रबंध सादर केले आणि दाखवलं की ‘शीघ्रपाद अकिलीस’, ‘झळाळत्या शिरस्त्राणाचा हेक्टर’ ही विशेषणं प्रसंग बघून नव्हे, तर ओळीत किती जागा उरली आहे ते बघून येतात. अकिलीस बसलेला असला तरी शीघ्रपादच. पुढे १९३३ ते १९३५ मध्ये युगोस्लाव्हियात गुस्ले हे तंतुवाद्य वाजवून महाकाव्यं गाणाऱ्या गायकांची ध्वनिमुद्रणं करून त्याने आणि त्याचा सहकारी अल्बर्ट लॉर्ड याने अशी रचना तोंडी कशी होते ते दाखवलं. होमरची भाषा अनेक बोलींच्या आणि काळांच्या मिश्रणातून घडलेली, कोणीही घरात न बोललेली काव्यभाषा आहे, हेही आता मान्य आहे. म्हणजे ‘ठरावीक वाक्प्रयोगांनी भरलेली, लोकांची, जुनी’ हे न्यूमनचं निदान बरंच खरं निघालं.

पण त्यातून त्याने काढलेला उपचार खरा ठरत नाही. आपण गीता ऐकतो तेव्हा ‘कौन्तेय’, ‘महाबाहो’ कानावरून वाहत जातात. ती अनुष्टुभाची जागा भरतात, अर्जुनाचा मान राखतात, पण ऐकणारा तिथे थबकत नाही. होमरच्या श्रोत्याचंही तसंच असणार. विशेषण ठेवायचं, पुन्हा पुन्हा ठेवायचं, पण असं की ते ओळखीचं होऊन जाईल. न्यूमनने त्यांना विचित्र शब्द देऊन दर वेळी नव्याने ठेच लागेल अशी व्यवस्था केली. काही आधुनिक अनुवादक कंटाळा टाळायला ती गाळतात किंवा दर वेळी बदलतात, तेही मला बरं वाटत नाही. तोंडी परंपरेचा ठोकाच त्यात नाहीसा होतो.

अर्नल्डच्या चौथ्या कसोटीचं काय झालं ते लॅटिमोरने सांगितलं. त्याच्या १९५१ सालच्या ‘इलियड’च्या प्रास्ताविकात तो चारही कसोट्या मांडतो आणि म्हणतो की पहिल्या तीन साधायचा मी जिवापाड प्रयत्न केला, उदात्तता मात्र थेट गाठायची गोष्ट नाही, शक्य तितकं चांगलं लिहावं आणि ते उदात्त झालं का ते मग बघावं, किंवा इतरांनी बघावं. या एका वाक्यात मला वादाचा निचरा दिसतो. एमिली विल्सनने २०१७ च्या ‘ओडिसी’त आणखी पुढे जाऊन म्हटलं की भारदस्त, नटवी इंग्रजी हीच होमरची शैली मानण्याची सवय पोपपासून लागली आहे, आणि शैलीचा बडेजाव होमरमध्ये मुळीच नाही. तिने मूळच्या जितक्या ओळी तितक्याच ओळी ठेवल्या, आणि त्याही आयँबिक पेंटामीटर या पाच आघातांच्या इंग्रजी छंदात, जो ग्रीक ओळीपेक्षा आखूड पडतो. त्यामुळे तिला प्रत्येक ओळीत काहीतरी सोडावं लागतं. वेग मिळतो, कधी विशेषण जातं. हा सौदा उघड आहे आणि वाचकाने तो डोळे उघडे ठेवून करावा.

निवड करताना

कोणी मला आज विचारलं तर मी त्याला चार ठिकाणं उघडायला सांगतो: सहाव्या सर्गातली हेलन, आठव्याचा शेवट, बाराव्यातला सार्पेडॉन, सतराव्यातले रडणारे घोडे. दुकानात उभ्या उभ्या वाचून होतात. सार्पेडॉन मोठ्याने वाचावा, निदान ओठ हलवून. श्वास मधेच तुटला तर अनुवादात वेग नाही. हेलनच्या तोंडी शिवी आहे का ते बघावं. घोडे पहाटेची वाट बघतात का ते बघावं. आणि झ्यूसचं बोलणं वाचून काहीच हललं नाही तर पुस्तक परत ठेवावं, प्रस्तावना कोणाचीही असो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ‘इलियड’ पहिल्यांदा वाचणाऱ्याने लॅटिमोर घ्यावा. त्याची ओळ लांब आणि थोडी खडबडीत आहे, पण मुळाच्या ओळीशी ओळ जुळते, विशेषणं जागच्या जागी राहतात आणि घोडे आपलं काम करतात. ज्याला कथेच्या ओघात एका बैठकीत सर्गच्या सर्ग संपवायचा आहे त्याने फेगल्स घ्यावा. तो नाट्य वाढवतो, कधी जरा जास्तच वाढवतो. ‘ओडिसी’साठी विल्सन. पोप वाचायचाच, पण या तिघांनंतर, कारण तो अठराव्या शतकातलं एक थोर इंग्रजी काव्य आहे आणि त्यातला होमर कुठे संपतो ते तोवर वाचकाला स्वतःला दिसू लागलेलं असतं. न्यूमन ग्रंथालयातून मागवून त्याचा बारावा सर्ग तेवढा वाचावा, आणि त्याचं उत्तर मात्र पूर्ण वाचावं.